कित्ता, कित्ता, कित्ता: आईच्या शाळेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय विश्वस्त आणि पदाधिकारी,
माझ्या आईची शाळा, गिरगाव, मुंबई

सप्रेम नमस्कार,

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. कोणाची बदनामी करायची म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला पहिल्या दोन ओळींतच कळेल की हे तुमच्यासाठी आहे. बाकी वाचणाऱ्यांनी आपापल्या आईवडिलांच्या शाळेचं नाव तिथे घालून वाचलं तरी चालेल, कारण गिरगाव, दादर, परळ, लालबाग कुठेही जा, जुन्या मराठी शाळांमध्ये सध्या हेच चाललंय.

सांगायचं ते आधीच सांगते. शाळेची इमारत रिकामी करताना जिन्याखाली ज्या गोणी भरून ठेवल्यात त्यातली जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवह्या, रद्दीत देऊ नका. निदान १९४० ते १९४५ ची तरी अजिबात देऊ नका.

आता का ते सांगते, जरा लांबेल, पण वाचा प्लीज.

दोन वर्षांपूर्वी आईच्या एका कागदपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. आई आता नव्वदीच्या पुढे आहे, तिच्या जन्माची नोंद कुठेच सापडेना, म्हणून शाळेच्या दाखल्याची डुप्लिकेट कॉपी काढायला मी तुमच्या ऑफिसात आले. तिथल्या क्लार्क बाईंनी (त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे) माळ्यावरून एक लाल रुमालात बांधलेलं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, शाळेत आल्याची तारीख, वर्तणूक चांगली. आणि शेवटून दुसरा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. त्यात निळ्या शाईत लिहिलेलं, "मुंबई सोडून गावी". तारीख ९ एप्रिल १९४२.

मी सहज खालची ओळ बघितली. तिथे फक्त एक शब्द, कित्ता, म्हणजे वर लिहिलंय तेच. त्याच्या खाली कित्ता. त्याच्या खाली परत कित्ता. पंचवीस ओळींच्या पानावर एकोणीस मुलं त्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शाळा सोडून गेलेली, आणि त्या मास्तरांना किंवा हेडक्लार्कना प्रत्येकाचं कारण वेगळं लिहायची गरजच पडली नव्हती. मी तिथे उभी होते ती खुर्चीत बसले. आईकडून ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते पण ती आमच्या घरची गोष्ट आहे असंच वाटायचं. त्या पानावर पहिल्यांदा कळलं की अख्खा वर्गच गेला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वर्तमानपत्राच्या छापखान्यात कंपोझिटर होते. म्हणजे युद्धाच्या बातम्या लोकांनी वाचायच्या आधी त्यांच्या बोटांखालून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, जुळत जायच्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून पडलं. ५ एप्रिलला जपान्यांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर. कोलंबोपर्यंत आजोबा म्हणत होते बघू, थांबू. विशाखापट्टण झाल्यावर ते त्या रात्री घरी आले ते हातावरची शाई न धुताच आजीला म्हणाले, पोरीची ट्रंक भर. तीन दिवसांत आई भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत होती. सात वर्षांची, काकू आणि चुलत भावंडांबरोबर. तिची स्वतःची आई बरोबर नव्हती, कारण चाळीतल्या खोलीत पणजी अंथरुणाला खिळलेली होती, तिला हलवणं शक्य नव्हतं, आणि पणजीला सोडून आजीने जाणं शक्य नव्हतं.

गावी म्हणजे दापोली तालुक्यात. हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, आणि शेवटचं कंबरभर पाणी खलाशाच्या खांद्यावर बसून. आई म्हणते ट्रंक आधी गेली आणि मी नंतर, आणि मला सगळी भीती ट्रंक भिजेल याची. कारण ट्रंकेत पोस्टकार्डं होती.

ही पोस्टकार्डं आमच्या घरात देवासारखी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. आजोबांनी बारा कोरी कार्डं आणली होती, सहाव्या जॉर्ज राजाचं डोकं छापलेली, आणि बाराच्या बारांवर स्वतःच्या हाताने चाळीचा पत्ता लिहून ठेवला होता. आईला सांगितलं, दर पंधरा दिवसांनी एक टाक, काही सुचलं नाही तर नुसतं "मी बरी आहे" लिही, आणि ही कार्डं संपायच्या आत मी न्यायला येतो. हे ते बोलून गेले. त्यांनाही काय माहीत असणार किती दिवस लागतील. पण सात वर्षांच्या मुलीने ते शब्दशः धरलं.

मे संपता संपता बोटी बंद झाल्या, त्या काळी पावसाळ्यात कोकणची आगबोट चालायचीच नाही. म्हणजे आजोबांना वाटलं असतं तरी सहज येता आलं नसतं. आईने आषाढ श्रावण त्या घरात काढला. माणसं वाईट नव्हती हे ती आजही आवर्जून सांगते, चुलत आजीने तिला कधी उपाशी ठेवलं नाही, पेज, कुळथाचं पिठलं, भाजलेल्या आठल्या, जे सगळ्यांना ते तिला. पण गावातली मुलं तिला नावाने हाक मारायची नाहीत, मुंबैकरीण म्हणायची. तिला रहाट ओढता यायचा नाही, पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की पलीकडे जायची भीती वाटायची, आणि रात्री पागोळ्यांचा आवाज सुरू झाला की झोप यायची नाही. मुंबईत ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावायला लागायचे. गावात काळोख करावा लागायचा नाही, तो असायचाच, माजघरात एक कंदील आणि बाकी सगळं काळं.

गणपती आले, दसरा झाला, कार्डं अकरा गेली. आणि मग आईने लिहिणं बंद केलं. इकडे चाळीत आजी काळजीने अर्धी झाली, पोर आजारी आहे का काय, आजोबांनी गावी दोन पत्रं टाकली. कोणालाही कळेना मुलगी लिहीत का नाही. तिने कोणाला सांगितलं नव्हतं की बारावं कार्ड टाकलं आणि बाबा आले नाहीत तर काय, म्हणून ती ते टाकतच नव्हती.

ते बारावं कार्ड आजही आहे. मागची बाजू कोरी. पुढे आजोबांचं अक्षर.

आजोबा आले ते पुढच्या वर्षी, १९४३ च्या मे महिन्यात. मुंबईत तेव्हा नुकतं रेशनिंग सुरू झालं होतं. आईला धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी मधे भोक असलेला नवा पैसा दिला आणि तिला वाटलं लढाईत गोळी लागून भोक पडलंय. जूनमध्ये ती परत शाळेत गेली. तुमच्या रजिस्टरात ही नोंदही आहे, नवा नंबर, इयत्ता दुसरी. म्हणजे सोडली तेव्हा दुसरी आणि परत आली तेव्हाही दुसरी. एक वर्ष गेलं.

पण तिचं फक्त वर्ष गेलं. त्या एकोणीस मुलांपैकी परत आल्याची नोंद मला अकरा जणांचीच सापडली. आठ जण त्या शाळेत परत आले नाहीत. काही दुसऱ्या शाळेत गेले असतील, काहींचे वडील मुंबई सोडूनच गेले असतील, सगळं वाईटच झालं असं मी म्हणत नाही. पण त्या आठात सहा मुली आहेत. त्यातली एक आईच्या शेजारच्या खोलीतली, दोघी एका बाकावर बसायच्या. तिला घाटावर मामाकडे पाठवलं होतं. तिकडे शाळा चौथीपर्यंत, नंतर घरकाम, नंतर पंधराव्या वर्षी लग्न. आई तिचं नाव आजही घेते. ती हुशार होती गं माझ्यापेक्षा, हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. रजिस्टरात तिच्या ओळीत शेऱ्याचा रकाना रिकामा आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत सरकारने सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून खेड्यांत हलवलं, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. ऑपरेशन पाइड पायपर म्हणतात त्याला. मुलांच्या कोटाला नावाची चिठ्ठी, गळ्यात गॅस मास्कचा डबा, बरोबर शाळेचे शिक्षक, याद्या, रेल्वेचं वेळापत्रक, सगळं. तिथल्या मुलांनीही भोगलं, आईपासून तुटण्याचं दुःख तिकडे कमी होतं असं कोण म्हणेल. पण तिथे सरकारने पाठवलं म्हणून सरकारकडे कागद राहिले, पुढे त्या मुलांच्या आठवणी जमवल्या गेल्या, म्युझियममध्ये त्या चिठ्ठ्यासुद्धा ठेवल्यात. आपल्याकडे आजोबांसारख्या माणसांनी आपापल्या अकलेने पोरं गावी धाडली. कोणी कोकणात, कोणी घाटावर, गुजराती शेजारी काठेवाडात. बोरीबंदरला आणि धक्क्यावर झुंबड उडाली पण कोणाचं नाव कुठल्या यादीत नाही. कोण गेलं, किती गेली, परत किती आली हे नावानिशी लिहून ठेवणारा आपल्याकडे एकच माणूस होता, शाळेचा क्लार्क. आणि त्याने ते जिथे लिहिलं ते रजिस्टर आज जिन्याखाली गोणीत आहे.

म्हणून मी एवढी तळमळून लिहितेय. तो रद्दीचा कागद नाहीये. ती यादी आहे.

आता तक्रारी. एकेक सांगते, आवाज न चढवता सांगते.

शाळेची इमारत रिकामी करायचा निर्णय तुम्ही घेतलात, कारणं असतील, पट कमी झालाय, इमारत गळते, वाळवी आहे, मला सगळं दिसतं. मराठी शाळा बंद होण्याचं दुःख वेगळं, त्यावर आज बोलत नाही. पण जुनं दप्तर निकाली काढताय हे एकाही माजी विद्यार्थ्याला कळवलं नाहीत. गेटवर साधी नोटीस नाही. मला कळलं ते योगायोगाने, आमच्या जुन्या चाळीतल्या एकाने टेम्पो बघितला आणि फोन केला म्हणून. पहिला टेम्पो गेला तो गेला. त्यात काय होतं हे मला कोणी सांगू शकलं नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. इनवर्डचा शिक्का मारून घेतलाय. तीन आठवडे झाले, हो नाही काहीच उत्तर नाही. प्रत्यक्ष आले तेव्हा एका पदाधिकाऱ्यांनी सांगितलं की आता सगळं ऑनलाईन असतं. अहो साहेब, आत्ताच्या मुलांचं ऑनलाईन असेल, १९४२ चं कोणी आणि कधी चढवलं? जनरल रजिस्टर हे कायमचं जपायचं दप्तर असतं, शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलेला कोणीही सांगेल. हजेरीपट काढा, फीच्या पावत्या काढा, माझं काही म्हणणं नाही. पण जनरल रजिस्टर नाही.

मग मी म्हटलं निदान त्या पानाचा फोटो काढू द्या. तर उत्तर आलं की ती खासगी माहिती आहे, बाहेरच्यांना देता येत नाही. हे मला पटतं हो, त्यात जातीचा रकाना आहे, जन्मतारखा आहेत, लोकांची घरची माहिती आहे. पण मग तेच पान भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेलेलं कसं चालतं? मुलीला फोटो नाही आणि रद्दीत किलोवर, हे मी आईला घरी जाऊन कसं समजावू?

आणि एक, हे थोडं मनातलं आहे. त्या दिवशी एक जण म्हणाले, बाई, ऐंशी वर्षांपूर्वीचं आता कोणाला लागतंय. मी काही बोलले नाही तेव्हा, गळा दाटून आला होता. आता बोलते.

आईला लागतंय. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट फुटली, कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळा होता तिच्यावर, अख्खी गोदी पेटली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्यासाठी आजही दर वर्षी १४ एप्रिलला मानवंदना असते. त्या संध्याकाळी गिरगावात सगळे ओरडत होते जपान आला, जपान आला. चाळीतली माणसं परत गाठोडी बांधायला लागली. आजोबांनी ट्रंक काढली तेव्हा आई, नऊ वर्षांची, गॅलरीचा कठडा धरून बसली आणि एकच म्हणत राहिली, बाबा माझ्याकडे एकच कार्ड आहे, एकच कार्ड आहे. तेव्हा आजोबांना पहिल्यांदा कळलं की पोरीने लिहिणं का थांबवलं होतं. त्यांनी ट्रंक परत खाटेखाली सारली. आई म्हणते बाबांना रडताना मी तेव्हा एकदाच बघितलं.

मलाही लागतंय. १९७१ च्या डिसेंबरात मी सात वर्षांची होते, बरोबर आईच्याच तेव्हाच्या वयाची. ब्लॅकआउट, भोंगे, खिडक्यांच्या काचांना खळ लावून ब्राऊन पेपर. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी पोरं गावी पाठवली. बाबा आईला म्हणाले हिलाही पाठवू या का आठ दिवस. आई कधी बाबांसमोर आवाज चढवायची नाही. त्या दिवशी हातातला खळीचा वाडगा खाली ठेवून म्हणाली, काय व्हायचं ते तिघांचं एकत्र होईल, माझी पोर कुठेही जाणार नाही. मला तेव्हा वाटलं आई कडक आहे, कारण मला गावी जायचं होतं, मज्जा येईल म्हणून. रात्री भोंगा वाजला की आई मला पोटाशी धरून भिंतीला टेकून बसायची, तिचं हृदय माझ्या पाठीला लागायचं. का ते मला त्या रजिस्टराचं पान बघेपर्यंत नीट कळलं नव्हतं, तेव्हा मी साठीला पोचले होते.

आणि मागे २०२५ च्या मे महिन्यात, मॉक ड्रिल झालं तेव्हा, टीव्हीवर सारखा तो भोंगा वाजवत होते. आईला आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण तो आवाज ऐकून ती पलंगावर उठून बसली आणि मला विचारलं, कार्ड कुठे ठेवलंस. मी कपाटातून काढून हातात दिलं. तासभर हातात धरून होती.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत.

आजच्या आज गोणी उचलणं थांबवा आणि जनरल रजिस्टरं बाजूला काढा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आहेत, कोणती गेली, त्याची साधी यादी करून गेटवर लावा, गेलेल्यांचीही. त्यांचं स्कॅनिंग करून घ्या, पैशाचा प्रश्न असेल तर स्पष्ट सांगा, आम्ही माजी विद्यार्थ्यांची मुलं मिळून खर्च उचलू. मी बँकेतून रिटायर झालेय, वेळ आहे, रोज येऊन पानं उलटायला बसेन, माझ्यासारखे अजून चार जण तयार आहेत. मूळ रजिस्टरं ठेवायला तुमच्याकडे जागा नसेल तर राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे रीतसर पत्र द्या, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्यांचं ऑफिस आहे, ते घेतील का हे विचारायला एक पत्र पुरतं. जात आणि बाकी खासगी रकाने झाकूनच कोणालाही दाखवा, नावं घरच्यांच्या परवानगीशिवाय कुठे छापू नका, यावर मी तुमच्याच बाजूने आहे.

आणि त्या काळातली जी मुलं अजून हयात आहेत, नव्वदीच्या आसपासची, त्यांना एकदा शाळेत बोलवा. भाषणं नकोत, शाल श्रीफळ नको. त्यांना त्यांची ओळ दाखवा आणि ती काय सांगतात ते कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, का ते वेगळं सांगायला नको.

शाळेची पितळी घंटा तुम्ही सुरक्षित ठेवलीत असं कळलं. मनापासून आभार. तेवढ्याच मायेने ही रजिस्टरं ठेवा.

हे पत्र जे बाकीचे वाचतायत त्यांना विनंती, तुमच्या आईची, वडिलांची, आजीची शाळा कुठली ते विचारा, आणि ती शाळा अजून असेल तर जाऊन रजिस्टर कुठे आहे ते बघून या. ४२ ची पानं उघडा, कारणाचा रकाना वाचा.

विश्वस्तहो, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आईला घेऊन शाळेत येतेय. व्हीलचेअर आहे, जिना चढता येणार नाही, त्यामुळे ते रजिस्टर तळमजल्यावर आणून ठेवायची व्यवस्था करा. लाल रुमाल आहे, १९४० पासूनचं, आईचं नाव उजव्या हाताच्या पानावर वरून सातवं आहे. तिला तिची ओळ बघायचीये, आणि तिच्या मैत्रिणीची, ती अकरावी. बारावं कार्ड ती बरोबर आणणार आहे.

आपली नम्र,
एका माजी विद्यार्थिनीची मुलगी
(जन्म गिरगावातला, आता राहायला बोरिवली)